घरच्या संगणकाचे घड्याळ रोज चुकते : मदरबोर्ड बदलण्यापूर्वी काय तपासावे?

ओसरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अडचण तशी लहान आहे, पण गेले तीन आठवडे ती सुटत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे २०१६ साली सुटे भाग घेऊन जुळवलेला डेस्कटॉप संगणक आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच डिस्कवर वेगळी जागा करून लिनक्स मिंट ही विंडोजसारखी दुसरी यंत्रणा (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवली. इंटरनेटची सगळी कामे आता मिंटवर होतात. विंडोज काढून टाकले नाही, कारण वडील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत आणि संस्थेच्या हिशेबाचा प्रोग्रॅम व सूचनांचे नमुने विंडोजवरच आहेत. सुरक्षिततेसाठी विंडोज चालू असताना नेटची केबल आम्ही काढून ठेवतो.

गेल्या महिन्यात वडिलांनी पहाटे पावणेपाचला उठून वार्षिक सभेची सूचना छापली. नमुन्यात तारीख आपोआप येते. कागदावर आदल्या दिवसाची तारीख आली, ती कोणाच्या लक्षात आली नाही आणि सूचना तशीच फलकावर लागली. सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते, त्यामुळे एका सभासदांनी ‘कागद लागला आज, मग तारीख कालची कशी?’ असे विचारले. प्रश्न रास्त होता. वडिलांची सगळी नोकरी लेखा विभागात गेली आहे. आपल्या तारखेवर कोणी बोट ठेवावे हे त्यांना फार लागले.

संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात नेला. तिथे मदरबोर्डवरचा सेल बदलून दिला. फरक पडला नाही. पुन्हा नेल्यावर मदरबोर्डच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. वडील सध्या रोज घड्याळ हाताने लावतात आणि ते पुन्हा चुकते. मदरबोर्डवर खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खडीसाखर

नवीन घातलेला सेलही कधी कधी जुन्या साठ्यातला आणि उतरलेला निघतो. दुसऱ्या दुकानातून चांगला सेल आणून घालून पाहा. आमच्याकडे तेवढ्याने काम झाले होते.

लोलक

आपण सगळे नीट लिहिले आहे, फक्त सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिली आहे : घड्याळ नेमके किती चुकते? तास आणि मिनिटे दोन्ही हवीत, आणि मागे की पुढे तेही हवे. हे कळेपर्यंत कृपया काहीही बदलू नका, सेलही नाही, आणि घड्याळ हातानेही लावू नका.

मी हा आग्रह धरतो त्याचे कारण असे की, संगणकाच्या घड्याळाची चूक सहसा मनाला येईल तशी नसते. फरकाचा आकडाच बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते सांगतो. महिन्याला मिनिटभर मागेपुढे होत असेल तर ती स्फटिकाची स्वाभाविक चूक आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि त्यात दहा लाखांत वीस इतका जरी फरक असला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद जातात. तारीखच काही वर्षे मागे, एखाद्या १ जानेवारीवर जाऊन बसत असेल, तर सेल. नेमका पंधरा मिनिटांचा फरक असेल तर कोणीतरी टाइम झोन काठमांडूचा निवडला आहे, कारण नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. अर्धा तास पुढे असेल तर ढाका, अर्धा तास मागे असेल तर कराची किंवा ताश्कंद. साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असेल तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा टाइम झोन. विंडोज नव्याने बसवल्यावर तो झोन तसाच राहून गेलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे. आणि साडेपाच तासांचा फरक असेल तर बहुधा एकाच संगणकावर दोन यंत्रणा नांदत आहेत आणि त्यांचे आपसात पटत नाही. आपल्याकडे पहाटे पावणेपाचला आदल्या दिवसाची तारीख पडली, म्हणून माझा संशय याच्यावर आहे.

आज रात्री मिंट चालवून संगणक नेहमीप्रमाणे बंद करा. उद्या सकाळी विंडोज सुरू करा, फोन शेजारी ठेवा आणि दोन्ही वेळा कागदावर लिहा.

ओसरी

आज सकाळी फोनवर सात वाजून बारा मिनिटे झाली होती, विंडोजवर एक वाजून बेचाळीस मिनिटे. बरोबर साडेपाच तास मागे. वडिलांनी नंतर सवयीने घड्याळ हाताने लावले. दुपारी मिंट सुरू केले तेव्हा राउटर बंद होता, आणि मिंटचे घड्याळ साडेपाच तास पुढे होते! राउटर चालू केल्यावर थोड्या वेळात ते आपोआप बरोबर झाले. म्हणजे एक यंत्रणा मागे आणि दुसरी पुढे. हे कसे?

लोलक

आता चित्र पुरे झाले. मदरबोर्डला काहीही झालेले नाही, आणि जुना सेलही बहुधा ठीकच होता.

संगणक बंद असताना वेळ मोजणारे एक छोटे घड्याळ मदरबोर्डवर असते. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून ही रचना चालत आली आहे. त्या घड्याळात तास, मिनिटे, सेकंद आणि तारीख यांची नोंद असते, पण ही वेळ कुठली, मुंबईची की ग्रिनिचची, याची नोंद त्यात नसते. सगळी अडचण इथून सुरू होते. डॉसच्या काळापासून मायक्रोसॉफ्टची पद्धत अशी की त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायची. युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रणांची (लिनक्स त्यांतलेच) पद्धत अशी की त्यात जागतिक वेळ, म्हणजे ग्रिनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली वेळ ठेवायची आणि पडद्यावर दाखवताना टाइम झोनप्रमाणे मिळवणी करायची. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. त्या एका पेटीत आल्या की प्रत्येक जण दुसऱ्याने लिहिलेला आकडा आपल्या अर्थाने वाचतो.

आपल्या घरी रोज काय घडते ते पाहा. मिंट इंटरनेटवरून बरोबर वेळ घेते आणि मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते. नेटवरच्या वेळेशी जुळलेले असेपर्यंत लिनक्स दर अकरा मिनिटांनी ही नोंद ताजी करत असते. सकाळी सातला त्या घड्याळात दीड वाजलेला असतो. विंडोज तो दीड हीच भारतीय वेळ समजते आणि साडेपाच तास मागे दिसते. केबल काढलेली असल्यामुळे नेटवरून ती चूक दुरुस्तही होत नाही. वडील घड्याळ सातवर आणतात, त्याबरोबर मदरबोर्डच्या घड्याळातही सात लिहिले जाते. मग मिंट सुरू होते, ते सात जागतिक वेळ समजते, त्यात साडेपाच मिळवते आणि साडेबारा दाखवते. राउटर चालू झाला की मिंट सुधारते, पुन्हा जागतिक वेळ लिहिते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चक्र सुरू होते. आपले वडील इतके दिवस रोज घड्याळ लावत होते आणि ते रोज चुकत होते, यात त्यांची काहीही चूक नव्हती.

हे वाचताना मला मुंबईच्या जुन्या वेळेची आठवण होते. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईने स्वतःची, ३९ मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. त्या काळात कोणी ‘दहा वाजता या’ म्हणाले की कुठले दहा, हे विचारावे लागत असणार. मदरबोर्डचे घड्याळ हा प्रश्न विचारू शकत नाही.

खात्रीसाठी एक तपासणी अजून करा. मिंट चालवून, नेट जोडलेले असताना नेहमीप्रमाणे संगणक बंद करा, मग सुरू करताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसच्या (यंत्रणा सुरू होण्याआधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅमच्या) पडद्यावर जा आणि तिथली वेळ वाचा. त्या पडद्यावर कुठलीच यंत्रणा मध्ये येत नाही. घड्याळात जे आहे तेच दिसते. तिथे साडेपाच तास मागची वेळ दिसली की प्रश्न मिटला.

निवडुंग

लोलक यांचे निदान मला पटते, पण सेलचा विषय इथेच सोडू नये, कारण या धाग्यावर पुढे येणाऱ्या अनेकांचा दोष सेलचाच असेल.

संगणकाला वीज जोडलेली असेपर्यंत, तो बंद असला तरी, मदरबोर्डचे घड्याळ मुख्य विजेवर चालते. सेलवर भार येतो तो भिंतीवरचे बटण बंद केल्यावर. आपल्याकडे रात्री झोपताना बोर्डाचे बटण बंद करण्याची रीत आहे, आणि विजा चमकत असताना ती योग्यच आहे. पण त्यामुळे आपल्या घरातला सेल रोज सात-आठ तास, आणि आपण गावी गेलो की पंधरा-पंधरा दिवस, एकटाच काम करतो. म्हणून सेल उतरल्याची खूण अशी : बटण चालू ठेवले तर दुसऱ्या दिवशी घड्याळ बरोबर, बटण बंद केले तर तारीख काही वर्षे मागे. बाजारात हा सेल ‘सीआर २०३२’ या नावाने मिळतो. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर, त्यामुळे ‘सीआर २०२५’ लिहिलेला सेल व्यासाने सारखा असला तरी पातळ असतो आणि खाचेत सैल बसतो, तो घेऊ नये. नव्या सेलवर मल्टिमीटरने ३ व्होल्टच्या थोडे वर दिसायला हवे.

बदलण्यापूर्वी बायोसच्या सगळ्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. सेल काढल्यावर तिथल्या नोंदी मूळ स्थितीला जातात, आणि डिस्क वाचण्याची पद्धत बदलून गेली तर विंडोज सुरूच होत नाही. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचे (विंडोजमधल्या डिस्क-संरक्षणाचे) कुलूप आहे त्यांनी रिकव्हरी की, म्हणजे ते उघडण्याचा क्रमांक, आधी कागदावर उतरवून घ्यावी.

सेल बदलल्यानंतर अनेकांना वाटते की आता ‘सिंक नाऊ’ हे नेटवरून लगेच वेळ घेण्याचे बटण दाबले की झाले. घरगुती विंडोजमध्ये नेटवरून वेळ सुधारण्याला ठरावीक मर्यादा असते, ती पंधरा तासांची. त्याहून मोठा फरक यंत्रणा संशयास्पद मानते आणि दुरुस्ती नाकारते. म्हणून तारीख वर्षानुवर्षे मागे गेली असेल तर आधी ती हाताने साधारण बरोबर करावी, मग सिंक करावे.

आणि जुना सेल टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर हा आकार सर्वांत धोक्याचा आहे. गिळला तर तो अन्ननलिकेत अडकतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजते. चिकटपट्टीत गुंडाळून लगेच उंच जागी ठेवा.

शेवंती

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण घड्याळाचाच आहे म्हणून इथे विचारते. माझ्या लॅपटॉपवर फक्त विंडोज ११ आहे आणि घड्याळ अगदी बरोबर दिसते. तरीही लॅपटॉपवरच्या ऑथेंटिकेटरमधून (खात्यात शिरताना ओळख पटवण्याचा क्रमांक देणाऱ्या प्रोग्रॅममधून) येणारा सहा आकडी क्रमांक प्रत्येक ठिकाणी नाकारला जातो, आणि माझ्या मेल प्रोग्रॅममधून गेलेली पत्रे भावाकडे उद्याच्या तारखेची दिसतात. घड्याळ बरोबर असताना असे का व्हावे?

लोलक

शेवंतीताई, आपण सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम उघडा आणि टाइम झोनच्या ओळीत काय लिहिले आहे ते सांगा. आपोआप वेळ घेण्याचे बटण बंद आहे का, तेही पाहा.

शेवंती

पॅसिफिक टाइम, यू.एस. अँड कॅनडा असे आहे. बटण बंद आहे. लॅपटॉप घेतला तेव्हा वेळ चुकीची होती, म्हणून मीच ते बंद करून वेळ हाताने बरोबर लावली होती.

लोलक

हाच तो प्रकार, आणि मला वाटते की या धाग्यावरचा सर्वांत जास्त घरांत आढळणारा दोष हाच असेल; कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

मदरबोर्डच्या घड्याळात काहीही लिहिलेले असो, सुरू असलेले विंडोज आत एकच वेळ मोजते, ती म्हणजे जागतिक वेळ. पडद्याच्या कोपऱ्यात दिसते ती त्या वेळेत टाइम झोनची मिळवणी करून तयार झालेली वेळ असते. आपला झोन अमेरिकेचा होता म्हणून पडद्यावरची वेळ साडेबारा तास मागे दिसत होती, पण आतली वेळ तेव्हा बरोबर होती. आपण झोन न बदलता पडद्यावरचे काटे पुढे सरकवले. त्यामुळे दिसणारी वेळ बरोबर झाली आणि आतली वेळ साडेबारा तासांनी पुढे गेली. म्हणजे बरोबर असलेली गोष्ट चुकली आणि चुकलेली तशीच राहिली, आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकून बसल्या.

ऑथेंटिकेटरचा क्रमांक दर तीस सेकंदांना बदलतो आणि तो आतल्या जागतिक वेळेवरून काढला जातो. समोरची संस्थाही त्याच वेळेवरून तो काढून ताडून पाहते. दोघांच्या वेळेत साडेबारा तासांचे अंतर असेल तर क्रमांक जुळण्याची शक्यताच नाही. पत्रावर मेल प्रोग्रॅम वेळेबरोबर झोनचीही नोंद करतो. भावाकडचा संगणक त्यावरून भारतीय वेळ काढतो आणि ती उद्याची येते. वेबसाइट मात्र बहुतेक उघडत राहतात, कारण त्यांची प्रमाणपत्रे आठवडे किंवा महिने चालतात आणि अर्ध्या दिवसाच्या फरकाने ती सहसा मुदतीबाहेर जात नाहीत. त्यामुळे कोणालाच घड्याळाचा संशय येत नाही आणि बिचाऱ्या फोनला किंवा बँकेला दोष दिला जातो.

उपाय याच क्रमाने करा : आधी झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ असा निवडा. वेळ एकदम साडेबारा तास पुढे जाईल; घाबरू नका, आतापर्यंत लपलेली चूक आता फक्त उघडी पडली आहे. मग आपोआप वेळ घेण्याचे बटण चालू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. काट्यांना हात लावण्यापूर्वी झोन पाहायचा, एवढी एक सवय लावून घ्या.

शेवंती

आपण लिहिल्याप्रमाणेच झाले. वेळ आधी पुढे गेली आणि सिंक दाबल्यावर जागेवर आली. ऑथेंटिकेटरचा क्रमांक पहिल्याच खेपेला चालला. दीड वर्ष मी प्रत्येक वेळी फोनवर क्रमांक मागवून घेत होते. मनापासून आभार.

पारिजातक

लोलक यांच्या पहिल्या प्रतिसादात एक दुरुस्ती सुचवतो. साडेपाच तास मागे असणे म्हणजे दोन यंत्रणांचे भांडण, असे नेहमीच म्हणता येणार नाही. झोन लंडनचा निवडला गेला असेल तर हिवाळ्यात नेमका हाच फरक दिसतो, कारण तेव्हा लंडनची वेळ आणि जागतिक वेळ एकच असते. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर झोन आपोआप निवडण्याची सोय चालू होती आणि व्हीपीएनचा, म्हणजे ज्याच्यामार्फत नेट जोडले जाते तो, सर्व्हर परदेशातला होता. लॅपटॉपला आपण तिकडेच आहोत असे वाटे. मी दोन दिवस मदरबोर्डवर संशय घेत होतो.

लोलक

दुरुस्ती अगदी योग्य आहे आणि ती माझ्याकडून राहायला नको होती. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात लंडनचा झोन साडेचार तासांचा फरक दाखवतो, त्यावरून तो ओळखता येतो, पण नोव्हेंबर ते मार्चमध्ये आकड्यावरून दोन्ही कारणे वेगळी करता येत नाहीत. तिथे बायोसचा पडदाच निर्णय देईल : बायोसमध्ये भारतीय वेळ असेल आणि विंडोजमध्ये साडेपाच तास मागची, तर दोष झोनचा, बायोसमध्येच साडेपाच तास मागची असेल तर दुसऱ्या यंत्रणेने ती तशी लिहिली आहे. ज्यांच्याकडे एकच यंत्रणा आहे त्यांनी झोनपासूनच सुरुवात करावी.

ओसरी

बायोसचा पडदा पाहिला. फोनवर रात्रीचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती, बायोसमध्ये दुपारचे तीन वाजून पन्नास मिनिटे. विंडोजचा झोनही तपासला, तो भारताचाच आहे. म्हणजे निदान पक्के झाले. आता दोघांपैकी कोणाला बदलायचे?

लोलक

दोन्ही रस्ते मोकळे आहेत. मिंटला सांगता येते की मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे समज. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने हे एका ओळीत होते आणि तितक्याच सहज परत फिरवता येते. पण ती आज्ञा दिल्यावर ही पद्धत पूर्णपणे सांभाळता येत नाही, असा इशारा लिनक्स स्वतःच देते. दुसरा रस्ता म्हणजे विंडोजला सांगायचे की घड्याळात जागतिक वेळ आहे. त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या कोठारात) एक नोंद करावी लागते.

आपल्या घरासाठी मी दुसरा रस्ता सुचवेन. आपले विंडोज नेटला जोडलेले नसते, त्यामुळे त्याला बरोबर वेळ मिळण्याचा मार्ग मदरबोर्डचे घड्याळ हाच आहे, आणि ते घड्याळ मिंट नेटवरून काटेकोर ठेवत असते. विंडोजने ते योग्य अर्थाने वाचले की वडिलांना कधीच काही लावावे लागणार नाही.

रजिस्ट्री एडिटर उघडा. त्यात एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइम झोन इन्फर्मेशन या क्रमाने आत जा. काहीही करण्यापूर्वी फाइल मेनूतून या शेवटच्या फोल्डरची निर्यात करून प्रत ठेवा. मग उजव्या बाजूला ३२ बिटांचे नवे डीवर्ड मूल्य तयार करा, त्याला ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ हे नाव इंग्रजीत, चारही शब्द सलग जोडून, द्या आणि त्याची किंमत १ ठेवा. नंतर संगणक ‘शट डाउन’ करू नका, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन केल्यावर यंत्रणेचा गाभा बंद होत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो. नव्याने सुरुवात होते ती रीस्टार्टमध्येच. दोन यंत्रणा असलेल्या संगणकावर फास्ट स्टार्टअप पॉवर ऑप्शन्समधून कायमचे बंदच करावे. नाहीतर मिंटमधून विंडोजच्या डिस्कवर काही लिहिता येत नाही, फक्त वाचता येते.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो आणि लोलक यांच्या सल्ल्याला माझा भक्कम पाठिंबा आहे. भारतात उन्हाळी वेळ नसल्यामुळे मिंटला स्थानिक वेळ शिकवण्याचा पहिला रस्ताही तिथे वर्षानुवर्षे विनातक्रार चालू शकतो. इथे तो चालत नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी वेळ एक तास पुढे जाते. घड्याळात स्थानिक वेळ असेल तर विंडोज तो तास मिळवते, आणि नंतर लिनक्स सुरू झाले की तेही आपल्या परीने तो तास मिळवू शकते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेच उलट्या दिशेने. मी दोन वर्षे हा त्रास सोसला आणि शेवटी जागतिक वेळेचा रस्ता धरला. अमेरिकेत किंवा युरोपात असलेल्या मराठी मंडळींनी दुसरा विचारच करू नये.

ओसरी

काल रात्री सगळे केले आणि थोडा धक्का बसला. रजिस्ट्रीतली नोंद करून रीस्टार्ट केल्यावर विंडोज साडेपाच तास पुढे गेले! आधी मागे होते, आता पुढे. काही चुकले का?

लोलक

काही चुकले नाही. रीस्टार्ट करण्यापूर्वी वडिलांनी, किंवा आपण, घड्याळ हाताने लावले असणार. त्यामुळे मदरबोर्डच्या घड्याळात त्या क्षणी भारतीय वेळ होती, आणि नवी शिकवण मिळालेल्या विंडोजने ती जागतिक समजून साडेपाच मिळवले. म्हणजे नोंद लागू झाली याचाच हा पुरावा आहे. एकदा मिंट सुरू करा, नेट जोडलेले असू द्या, पंधरा-वीस मिनिटे थांबा, मग विंडोजमध्ये जा.

ओसरी

लिहायला पाच दिवस घेतले, कारण खात्री करून मगच कळवायचे होते. मिंट वीस मिनिटे चालवून विंडोज सुरू केले आणि वेळ फोनशी मिनिटामिनिटाने जुळली. त्यानंतर दोन्ही यंत्रणा आलटून पालटून आठ वेळा सुरू केल्या, दोन रात्री बोर्डाचे बटणही बंद ठेवले. घड्याळ एकदाही हलले नाही. फास्ट स्टार्टअप बंद केल्यावर विंडोजची डिस्क मिंटमधून नीट लिहिता येऊ लागली, हा आणखी एक फायदा झाला. मदरबोर्ड बदलायचा नाही असे दुकानात कळवले आहे.

वडिलांना हे सारे समजावून सांगितले. त्यांनी विचारले, ‘म्हणजे दोघांच्या वह्या वेगळ्या आणि रोखपेटी एक, असे ना?’ मी हो म्हणालो. काल पहाटे पाचला त्यांनी सभेची सुधारित सूचना छापली, तारीख स्वतः दोनदा वाचली आणि आठच्या आत फलकावर लावून आले.

निवडुंग

उत्तम. जुना सेल दुकानातून परत मिळाला असेल तर मल्टिमीटरने एकदा पाहा. तो ३ व्होल्टच्या वर असेल तर सुट्या सेलसारखा जपून ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही असा.

ओसरी

मिळाला होता, बरोबर ३.०४ व्होल्ट भरला. चिकटपट्टीत गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे.